पाचूचं बाळसं

आमच्याकडे इग्वाना आहे म्हटलं की नाशकात पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे घोरपड का हो?" घोरपड नव्हे. घोरपड आपल्या मातीतली आणि मांसाहारी, शिवाय वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे तिला घरी ठेवणं गुन्हा आहे. इग्वाना म्हणजे मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला मोठा सरडा. झाडावर राहतो, पाला खातो. आमची इग्वाना पाचू आता माझ्या कमरेच्या वर जाईल एवढी लांब आहे, त्यात निम्म्याहून जास्त शेपूट.

२०१८च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाने तिला मुंबईहून आणलं तेव्हा ती वीतभर होती. दुकानदाराने सोबत काचेची पेटी दिली आणि चार गोष्टी सांगितल्या: रोज पालक द्या, आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं द्या, खिडकीशी ऊन मिळेल असं ठेवा, आणि पेटी जेवढी तेवढाच हा वाढतो, काळजी नको. मी ते सगळं मनापासून पाळलं. चारही गोष्टी चूक निघाल्या.

आठेक महिन्यांनी पाचूच्या मांड्या चांगल्या भरल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "छान बाळसं धरलंय गं!" मलाही तसंच वाटलं. मग एक दिवस ती फांदीवर बसलेली असताना तिच्या पुढच्या पायाची बोटं थरथरताना दिसली, फोन व्हायब्रेट होतो तशी. हनुवटीखाली बोट लावलं तर जबड्याचं हाड दबलं. ओल्या पुठ्ठ्यासारखं. तो स्पर्श अजून माझ्या बोटात आहे.

सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. ज्याला मी बाळसं समजत होते ती हाडातलं कॅल्शियम संपल्याची खूण होती. हाड कमकुवत झालं की शरीर त्याभोवती तंतूंचा थर चढवतं आणि पाय गुबगुबीत दिसतात. कारण माझ्या खिडकीत होतं. हाडं घडवायला लागणारं डी३ जीवनसत्त्व इग्वानाच्या कातडीत तयार होतं ते उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी, आणि खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. उजेड येतो, ऊब येते, पण किरण येत नाहीत. पाचू आठ महिने रोज उन्हात बसत होती आणि तिला ऊन मिळतच नव्हतं.

त्यात पालक. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. अंड्यातल्या प्रथिनांचा भार पुढे मूत्रपिंडांवर पडतो. आता तिच्या ताटलीत शेवग्याचा पाला, तुतीची आणि जास्वंदीची पानं, लसूणघास, किसलेला लाल भोपळा असतो. जास्वंदीचं फूल दिसलं की ती बाकी सगळं सोडून आधी तेच उचलते. पाला मी ओळखीच्या घरांतून आणते, बाजारच्या फवारणीची खात्री नसते म्हणून.

"आपल्याकडे एवढं गरम, दिवे कशाला?" हेही खूप ऐकते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो. ऊब नसेल तर इग्वानाला खाल्लेला पाला पचत नाही, पोटातच कुजतो. शेकायला बसते त्या फांदीवर पस्तीस अंशांच्या आसपास तापमान लागतं. यूव्हीबीची नळी वेगळी, आणि ती पेटत असली तरी तिचे किरण हळूहळू कमी होतात, म्हणून दर वर्षी बदलते. पेटी तर केव्हाच गेली. मागची अख्खी खोली तिची आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज मला वाटतो तो "किती शांत प्राणी आहे!" हा. पाहुणे डोक्यावरून हात फिरवतात, ती डोळे मिटते, त्यांना वाटतं आवडलं. बऱ्याचदा तिला ते नको असतं, म्हणून ती डोळे मिटून घेते. शिंकते तेव्हा सर्दी नसते. अंगातलं जादा मीठ ती नाकातून टाकते, काचेवर त्याचे पांढरे ठिपके वाळतात. ती सतत सांगत असते, आपण आपल्याला हवं ते ऐकतो.

२०२२च्या फेब्रुवारीत तिने खाणं सोडलं आणि बाल्कनीतल्या कुंड्या उकरायला लागली. तोवर आम्ही तिला नरच समजत होतो. मी पुन्हा हाडांच्या भीतीने रडकुंडीला आले. सासूबाई दोन दिवस नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, ही जागा शोधतेय. अडलेय ती." एक्स-रेत अंडीच अंडी दिसली. नर नसला तरी मादी अंडी घालते, फक्त त्यांतून पिल्लं होत नाहीत. आणि मनासारखी जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. मोठ्या टबात ओलसर माती आणि रेती भरली, वरून अंधार केला. पहाटे चौतीस अंडी होती, आणि पाचू शेजारी पडलेली, कुशी खपाटीला गेलेल्या. सासूबाईंनी बशीतून पाणी पुढे केलं. ती बराच वेळ पीत राहिली.

"विदेशी प्राणी, त्याला कसला कायदा" असं म्हणणाऱ्यांसाठी: वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा सायटीस करार आहे, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात इग्वाना आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. मालक बदलला तर तेही कळवायचं असतं.

हे आज लिहायचं कारण, परवा एकांचा फोन आला. मुलाच्या हट्टापायी आणलेला इग्वाना आता चार फुटांचा झालाय, शेपटीचे फटके मारतो, "गोदाकाठी सोडला तर जगेल ना?" फ्लोरिडात असेच पाळलेले सुटले, सोडले गेले, आणि आता तिथे ते डोईजड झालेत, कडाक्याची थंडी पडली की गारठून झाडांवरून पडतात. मी त्यांना म्हटलं, दादा, सोडू नका, रविवारी मी येते. जाताना शेवग्याचा पाला नेणार आहे. आणि सगळ्यात आधी त्याचा जबडा बघणार आहे.