चाल कुणाची?

परवा रविवारी मिसळ खायला गेलेलो, मी आणि आमचा जुना ड्रमर. खरं नाव टाकलं तर घरी येऊन मारंल म्हणून इथं त्याला बाळ्या म्हणू. ब्रेडची स्लाइस कटात बुडवता बुडवता मी त्याच्या एका कानात इअरफोन घातला. मिस्टर बंगल ह्या अमेरिकन बँडचा १९९१ चा पहिला अल्बम, सर्कशीतल्या बाजासारखं सुरू होतं, मधेच मेटल, मग फंक, मग परत सर्कस. बाळ्यानं मिनिटभर ऐकलं, स्लाइस संपवली, आणि म्हणाला, "भावा, हे सगळं झॅपानं आधीच करून ठेवलंय की. ह्यात ह्यांचं काय हाय?" (झॅपा म्हणजे फ्रँक झॅपा, साठच्या दशकापासनं असली भेळ करणारा अमेरिकन संगीतकार.)

झालं. मिसळ राहिली बाजूला.

आता मला सांगा, बारा बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) तोच तोच ब्लूज आयुष्यभर वाजवणाऱ्याला कोण विचारतं का तुझं स्वतःचं काय म्हणून? नाही. त्याला आपण परंपरा म्हणतो, मान खाली घालून ऐकतो. पण एखादा बँड विनोदी असला आणि दर वीस सेकंदाला गाण्याचा प्रकार बदलायला लागला की लगेच पंचनामा, हे तिथून उचललं, ते ह्याच्यासारखं वाटतंय. विनोदी माणसाची झडती जास्त घेतात राव. बहुतेक लोकांना वाटतं की हसवतोय म्हणजे मनापासून करत नाही, आणि मनापासून करत नाही म्हणजे चोरलंच असणार.

बंगलवाल्यांचंच बघा. ही पोरं कॅलिफोर्नियातल्या युरेका नावाच्या छोट्या गावची, १९८५ ला शाळेत असताना बँड काढला. त्यातला गायक माइक पॅटन १९८८ ला फेथ नो मोअर ह्या दुसऱ्या बँडमध्ये गेला, तिथं त्यांचं एक गाणं टीव्हीवर प्रचंड चाललं आणि रेड हॉट चिली पेपर्स ह्या तिसऱ्याच बँडचा गायक अँथनी किडिस चिडला, की हा पोरगा माझी स्टाइल मारतोय. ते भांडण कुठवर गेलं, तर १९९९ ला दोघांचेही अल्बम एकाच कंपनीकडून यायचे होते, चिली पेपर्सचा 'कॅलिफोर्निकेशन' आणि बंगलचा 'कॅलिफोर्निया', नावंसुद्धा बघा, त्यात बंगलचा मागं ढकलून जुलैत काढला आणि वर युरोपातल्या काही फेस्टिवलमधनं बंगलला वगळलं गेलं, त्यात किडिसचा हात होता असं बंगलवाल्यांचं म्हणणं. मग त्या वर्षीच्या हॅलोविनला मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅक गावात बंगलनं काय केलं माहितीय का, पूर्ण बँड चिली पेपर्सचं सोंग घेऊन स्टेजवर आला आणि त्यांचीच गाणी मुद्दाम वाकडीतिकडी वाजवली. म्हणजे ज्याच्यावर कॉपीचा आळ, त्यानं जाहीरपणे, तिकीट लावून कॉपी केली! हे मला लई आवडतं. एक गोष्ट मात्र पटली नाही. चिली पेपर्सचा गिटारवाला हिलेल स्लोवाक १९८८ ला ड्रग्जनं गेलेला, त्याचंही सोंग त्या रात्री काढलं होतं. मेलेल्या माणसावर कशाला, जिवंत होते की समोर चार.

आणि गंमत अशी की हे चिली पेपर्स तरी कुठं आभाळातनं पडले? त्यांचा १९८५ चा अल्बम जॉर्ज क्लिंटननं प्रोड्यूस केलेला, तोच तो पार्लमेंट आणि फंकाडेलिक ह्या बँडवाला, फंकमधला मोठा माणूस. ज्याच्याकडं शिकले त्याच्याच मांडीवर बसून रेकॉर्डिंग केलं आणि नंतर दुसऱ्याला म्हणायचं माझी स्टाइल.

पुढची पिढी बघा. सांताक्रूझचा एस्ट्राडास्फियर म्हणून बँड, २००० ला पहिला अल्बम, त्यात व्हायोलिन, बाल्कन लग्नातली वाटावी अशी गाणी, डेथ मेटल, व्हिडिओ गेममधलं संगीत, सगळी भेळ. लोक काय म्हणाले? हे तर बंगलची कॉपी! म्हणजे दहा वर्षात बंगल कॉपीवाल्याच्या बाकावरनं उठून मूळ पुरुषाच्या गादीवर जाऊन बसला. आणि त्याच एस्ट्राडास्फियरमधले काहीजण नंतर बंगलच्या गिटारवाल्याच्या, ट्रे स्प्रुअन्सच्या, सीक्रेट चीफ्स थ्रीमध्ये वाजवायला लागले. ज्याच्यावरनं उचललं म्हणता त्यानंच बोलावून घेतलं शेजारी बसायला. आता करा केस.

बाळ्याला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, "ते ठीकाय रं, पण आपलं काय झालेलं इसरलास व्हय?"

इसरलो नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही गॅदरिंगला गाणं केलं, मेसच्या आमटीवर. सुरुवात भूपाळीसारखी, उठी उठी म्हणत आमटीला जागं करायचं, मग एकदम थ्रॅश मेटल, आणि मग हलगी-घुमकं. हलगीवाला पोरगा शिवाजी पेठेतला, त्याला मेटल म्हणजे काय ठाऊक नाही, पण बाळ्यानं डबल बेस ड्रम सुरू केल्यावर त्यानं असा काही ठेका धरला की पुढची रांग खुर्च्यांवर उभी. नाद खुळा झालेला. खाली उतरलो तर एक सीनियर, शांतपणे शेंगा सोलत, म्हणाला, "मधला रिफ छान चोरलायस." रिफ म्हणजे गिटारवर परत परत येणारा तुकडा.

मी शप्पथ घेऊन सांगत होतो की माझा आहे. रात्री हॉस्टेलवर त्यानं मूळ गाणं लावून दाखवलं. सुरासकट तोच. मी ते गाणं दोन वर्षांपूर्वी शंभरदा ऐकलेलं आणि विसरून गेलेलो, आणि मग एका दुपारी तो रिफ बोटातनं आला तेव्हा वाटलं की सुचलं. आठ दिवस गिटारला हात लावला नाही. हलगीचा भाग मी सरळ खासबागेतनं उचललेला, कुस्ती लागायच्या आधी जे वाजतं तेच, आणि त्याबद्दल कोण एक शब्द बोललं नाही, मलाही लाज वाटली नाही. लाज कशाची वाटली, तर जे मला माहीत नव्हतं त्याची.

ह्यावरचं उत्तर मला सापडलं ते आजोबांच्या ट्रंकेत. जुनी संगीत नाटकांची पुस्तकं आहेत, पानं पापडासारखी झालेली. त्यात प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात लिहिलेलं असतं, 'चाल', आणि पुढं ज्या गाण्यावरनं ती चाल घेतली त्याची पहिली ओळ. किर्लोस्करांनी १८८० ला शाकुंतल आणलं तेव्हापासनं कीर्तनातलं, लावणीतलं, कानडी, हिंदुस्थानी, जे सापडंल ते घेतलं. आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी १९११ ला मानापमानाला चाली दिल्या तेव्हा पूरबेकडच्या, म्हणजे बनारस-लखनौकडच्या, ठुमऱ्यांचं अंग मराठी नाटकात आणून बसवलं. आणि ते ऐकून आता कोण म्हणतं हे मराठी नव्हे? उलट आज तेच अस्सल मराठी म्हणून आपण छाती फुगवतो. दडवादडवी नाही, कुठनं आणलं ते डोक्यावर लिहिलंय, आता खाली काय केलंय ते बघा.

आणि झॅपा! बाळ्याचा लाडका झॅपा, ज्यानं म्हणे सगळं आधीच करून ठेवलं. त्याच्या १९६६ च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरच्या आत दीडशेहून जास्त नावांची यादी छापलीय, ह्या लोकांमुळं आमचं संगीत असं झालं, कृपया त्यांच्यावर राग धरू नका, अशा अर्थाचं वर लिहून. त्यात स्ट्राविन्स्की आहे, ब्लूज गिटारवाला जॉनी वॉटसन आहे, एडगार व्हारेज तर आहेच. हा व्हारेज म्हणजे सायरन आणि तालवाद्यं घेऊन अवघड संगीत लिहिणारा. झॅपाला पंधराव्या वाढदिवसाला आईनं भेट विचारली तर ह्यानं काय मागितलं, व्हारेजला न्यूयॉर्कला ट्रंककॉल. व्हारेज घरी नव्हता, बायकोनं फोन उचलला. तर ती यादी म्हणजे 'चाल'च की! अल्बमच्या डोक्यावर लिहिलेली दीडशे ओळींची चाल.

(वीन नावाच्या अमेरिकन बँडचं पण सांगायचं होतं. १९९६ ला त्यांनी चेष्टेचा कंट्री अल्बम काढला, नावात बारा गाणी, आत दहाच. पण वाजवायला कंट्री संगीताची पंढरी असलेल्या नॅशव्हिलची खरी जुनी मंडळी बसवली, एल्विसच्या मागं गाणारे जॉर्डनेअर्ससुद्धा. चेष्टा करायची तर घरात शिरून करायची, रस्त्यावरनं ओरडून नाही.)

बाळ्याला पुस्तकाचा फोटो पाठवला. दोन दिवस निळी टिक नाही. मग रात्री फोन, "आमटीचं गाणं परत करूया का रं? नीट रेकॉर्ड करून."

आता ते चाललंय. हलगीवाला पोरगा आता दोन पोरींचा बाप आहे, पण येतो म्हणाला. अपलोड करताना खाली चाली लिहायच्या असं ठरलं, तर त्यावरनंच परत भांडण, बाळ्याला झॅपाचं नाव पहिलं पाहिजे. मी म्हटलं झॅपाचा काय संबंध आमटीशी. तो चोरलेला रिफ ठेवायचा ठरलाय, मूळ गाण्याच्या नावासकट, आणि सीनियरला पण कळवायचं, तो पुण्यात असतो. भूपाळीपुढं 'आजीची' एवढंच लिहिलंय. हलगीपुढं काय लिहायचं ते पोरालाच विचारलं, तर म्हणाला, "लिव्हा, चाल : जोड ठरल्यावर वाजती ती."

लिहिलं.