दोन खोकी पॅड आणि बायकांची बाजू

सकाळी सव्वासहाला फोन वाजला. किशोरी गटातली मुलगी होती. "ताई, संडासवाल्या काकांनी बायकांची बाजू बंद केलीय. कुलूप घातलंय."

जुलैचा पहिला आठवडा, बाहेर धो धो पाऊस. आमच्या वस्तीत घरात संडास असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळे महिन्याचा पास काढून सार्वजनिक शौचालयात जातात. बायकांच्या बाजूला दहा भांडी आणि त्यातली तीन कायमची बंद. अख्खी बाजूच बंद झाली की पुरुषांचं काही अडत नाही, त्यांची बाजू चालू असते. बायका मग पहाटे चारला अंधारात नाल्याकडे जातात, नाहीतर दिवसभर पाण्याला तोंड लावत नाहीत.

मी रागातच निघाले. काकांशी माझी जुनी भांडणं आहेत. कधी बल्ब नाही, कधी कडी तुटलेली. शेअर रिक्षात बसल्या बसल्या तक्रारीचा अर्ज मनात लिहूनही झाला होता.

काकांनी एक शब्द न बोलता कुलूप काढलं आणि मला आत नेलं. कोपरापर्यंत काळ्या पिशव्या चढवून वर रबर लावलेले दोन्ही हात. शेजारी तेलाचा पत्र्याचा डबा, तोंडापर्यंत भरलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भांड्याखाली पाइपाला एक बाक असतो आणि त्यात सतत पाणी उभं राहतं, म्हणून वास वर येत नाही. पॅडच्या आत जेलची पूड असते. ती पाणी पिऊन फुगते, आणि वरचं प्लास्टिक काही विरघळत नाही. एक पॅड त्या बाकात बसलं की मागून येणारं सगळं त्याला अडकतं. बांबूने ढोसलं तर ते आणखी आत जातं. मग हात घालावा लागतो. माणसाला हाताने मैला काढायला लावू नये म्हणून २०१३चा कायदा आहे. आमच्या पथनाट्यात तो आम्ही तोंडपाठ म्हणतो.

काकांनी डब्यातलं एक पाकीट काठीने वर काढून दाखवलं. "ताई, हे तुमचंच ना?"

त्यावर आमच्या संस्थेचा आणि एका कंपनीचा असे दोन स्टिकर होते. ते चिकटवायला आम्ही पाच जणी रात्री नऊपर्यंत बसलो होतो, कारण फोटोत ते दिसायला हवे होते.

२८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन. शहाण्यांनी तो आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आणून ठेवलाय. तेव्हा निम्म्या मुली गावी असतात, म्हणून आम्ही वाटप जूनच्या शेवटी घेतलं. समाजमंदिरात दोन खोकी आली, साहेब आले, फोटो झाले. बऱ्याच घरांत तोवर कापडच होतं. कापड धुतात, कुठे तरी लपवून का होईना वाळवतात, टाकत नाहीत. पावसात ते वाळत नाही म्हणून पॅड द्यायचे, हा विचार माझाच. पॅडवरचा १२ टक्के जीएसटी २०१८च्या जुलैत गेला तेव्हा पेढे वाटणारीही मीच. विकत कसं घ्यायचं यावर आम्ही वर्षानुवर्षं बोललो.

वाटपाच्या दिवशी मागच्या रांगेतल्या एकीने विचारलं होतं, "ताई, टाकायचं कुठं?" मी म्हटलं, कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. ती म्हणाली, "कुठल्या?" सगळ्या हसल्या, मीही हसले आणि लोहाच्या गोळ्यांवर गेले.

संडासात डबा नव्हता. हातात पुडी घेऊन बाहेर यायचं म्हणजे दारातल्या कॅरमच्या पोरांसमोरून यायचं. कोण येईल?

बाजू पाच दिवस बंद राहिली. सहाव्या दिवशी मुलींनीच बैठक लावली आणि काकांनाही बोलावलं. मी पुरुषासमोर बोलतील का म्हणून धास्तावले होते. त्या बोलल्या, मान खाली घालून, पण बोलल्या. झाकणाची बादली, प्रत्येक दाराआड खिळ्याला टांगलेले रद्दीचे तुकडे, पुडीवर लाल खूण. बादली कोण रिकामी करणार यावर मात्र अर्धा तास गप्प. शेवटी काकांची बायको म्हणाली, मी करते, पण पगार बोला. एवढं सरळ बोलणं आमच्या कुठल्याही कार्यशाळेत झालं नाही. पैसे अजून वर्गणीतूनच जातात. महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी कचरा वेगळा उचलायची सेवा काढलीय. सोसायट्या, हॉस्टेल, ब्यूटी पार्लर यांनी नोंदणी करायची. वस्तीतल्या संडासाची नोंदणी कुणाच्या नावाने करायची, यावर मी तिसऱ्यांदा अर्ज लिहितेय.

आणि एक मुलगी. तिचं नाव इथे नको. आठवी झाली, म्हणजे वस्तीतली शाळा संपली. वय चौदा पूर्ण, म्हणजे शिक्षणहक्काचा कायदाही तिथेच थांबला. नववीसाठी बस बदलून जायचं, म्हणून वडील नाही म्हणत होते. अख्खा मे महिना मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत काढला, तेव्हा कुठे प्रवेश झाला. त्या पाच दिवसांत तिची पाळी आली आणि आईने तिला मावशीकडे दिव्याला पाठवलं, तिथे घरात संडास आहे म्हणून. ती आठवडाभराने परत आली. वडील म्हणाले, "बघा ताई, तिलाच नकोय शाळा. सुरुवातीलाच दांड्या."

मी सगळं सांगितलं, संडासाचंही. ते उठून आत गेले. बाप्यासमोर हे बोलायचं नसतं, असं नंतर तिच्या आईने मला बजावलं.

आमच्या फॉर्ममध्ये शाळा सुटण्याची कारणं आधीच छापलेली आहेत. घरकाम, लग्न, स्थलांतर, आवड नाही, इतर. तिच्या नावापुढची चौकट मी अजून रिकामी ठेवलीय. उरलेलं अर्धं खोकं ऑफिसात आहे, त्यावर आम्ही जेवणाचे डबे ठेवतो. कंपनीतून परवा फोन आला होता, यंदा किती मुली धरायच्या म्हणून. कळवते म्हटलं.