आई म्हणाली, ही सुरी कापत नाही, फोडते

मी घरी बनवलेली पहिली सुरी पूर्ण झाली तेव्हा ती ओट्यावर नेऊन ठेवली (हातात दिली नाही, सुरी हातात दिली की भांडण होतं हे आमच्याकडे अजून पाळतात) आणि आईला म्हटलं, बघ कापून. तिने कांदा घेतला, सुरी टेकवली, दाबली, आणि कांदा कटकन आवाज करून दोन बाजूंना उडाला. "ही कापत नाही रे, फोडते," म्हणाली आणि विळी पुढे ओढून बसली. तीन महिन्यांची मेहनत, दोन भाजलेली बोटं, ग्राइंडरच्या ठिणग्यांनी भोकं पडलेले तीन टीशर्ट, सगळ्याचा निकाल पाच सेकंदात.

मी लोहार नाही, इंजिनियरपण नाही. दिवसभर ऑफिसात जीएसटीचे रिटर्न भरतो. या नादाला लागलो ते एका धार लावणाऱ्यामुळे. घरात एक चांगली सुरी होती, ती खाली आलेल्या माणसाकडे दिली, त्याने कोरड्या चाकावर धरली आणि परत आली तेव्हा टोकाकडे मस्त निळा रंग. मला वाटलं वा, काय शाईन आहे. आठ दिवसांत तिथलीच धार बसली. मग का बसली ते शोधत रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघितले तेव्हा कळलं की निळा रंग म्हणजे पोलाद साधारण 300 डिग्रीपर्यंत तापलं, त्याचं पाणी (म्हणजे लालभडक तापवून, बुडवून आणलेला कडकपणा) उतरलं, आता तेवढा भाग मऊ. त्या रात्रीनंतर मी काही सुधारलो नाही.

सुरुवात सगळे करतात तशीच, कमानपाट्यापासून (गाडीखाली स्प्रिंगसारखी असते ती वाकवलेली पोलादी पट्टी). रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो, कुठल्यातरी जीपचा एक पाटा घासाघीस करून आणला, अँगल ग्राइंडरने आकार काढला. कमानपाट्याचं पोलाद वाईट नसतं, कार्बन 0.6 टक्क्यांच्या आसपास असतो, पण जुना पाटा लाखो वेळा वाकलेला असतो आणि त्यात केसाएवढ्या भेगा असू शकतात ज्या डोळ्यांना दिसत नाहीत. माझं दुसरं पातं लालभडक तापवून पाण्याच्या बादलीत घातलं आणि आतून 'टिंग' असा आवाज आला, एकदम गोड आवाज, बाहेर काढलं तर पाठीपर्यंत चीर. रागाने शिकंज्यात धरून हातोडा घातला, दोन तुकडे.

ते तुकडे घेऊन मामाच्या गावी गेलो, तिथे एक म्हातारे लोहार आहेत, सगळे आबा म्हणतात. त्यांनी तुटलेली कड उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "भाचेबुवा, लई तापवलंय बघा. साखर झालीया." खरंच, आतून दाणा साखरेसारखा चमकत होता. मग त्यांनी कोपऱ्यातला एका मोडक्या विळ्याचा तुकडा दाखवला, तो आतून राखाडी, मऊसूत, बारीक रव्यासारखा. पाणी कुठे दिलं विचारलं. म्हटलं गच्चीवर, दुपारी. आबा इतके हसले की खोकला लागला. उन्हात लोखंडाचा रंग कळतच नाही, त्यांचा भाता बरोबर अंधाऱ्या कोपऱ्यात आहे आणि मला वाटायचं ती जागेची अडचण.

तेव्हापासून हे काम संध्याकाळी, दिवा न लावता. आबांचा डोळा आपल्याकडे नाही म्हणून मी लोहचुंबक लटकवून ठेवलंय. साधारण 770 डिग्रीला पोलाद चुंबकाला चिकटायचं बंद होतं, तिथून अजून एक छटा वर न्यायचं, थोडा वेळ तिथेच धरायचं आणि मग बुडवायचं. पाण्यात नाही, तेलात, आणि तेलसुद्धा कोमट. मी शेंगदाणा तेल वापरतो त्यामुळे अख्ख्या मजल्यावर भजी तळल्याचा वास सुटतो, शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या, आता मी पाणी द्यायच्या दिवशी खरंच थोडी भजी करून घेतो. बाहेर काढल्यावर कानस फिरवायची, काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर जमलं. पण असं पातं काचेसारखंच ठिसूळसुद्धा असतं, म्हणून ओटीजीत 200 डिग्रीला दोन-दोन तास दोनदा ठेवायचं, मग त्यावर कढलेल्या तुपाचा असतो तसा फिकट सोनेरी रंग येतो. त्या ओटीजीत परत नानखटाई होणार नाही असा घरात ठराव झालेला आहे.

पण आईचा कांदा या सगळ्याने सुटला नव्हता हो. पाणी बरोबर, धार अशी की हातावरचे केस निघतायत, तरी कांदा फुटतोच. कारण मी पातं पाठीला 4 मिमी जाड ठेवलं होतं, दणकट दिसतं म्हणून, आणि ती जाडी जवळजवळ धारेपर्यंत तशीच आणलेली. धार आत शिरते आणि मागून पाचर येते. व्हिडिओत सगळे कागद कापून दाखवतात, कागदाला जाडीच नसते, त्यात काय कळणार? गाजर कापा म्हणावं.

मग भोसरीहून ईएन-31 ची 2.5 मिमीची पट्टी आणली, हे बेअरिंगचं पोलाद, कार्बन 1 टक्क्याच्या आसपास. आता धार लावायच्या आधीच कड 0.3 मिमीपर्यंत उतरवतो. पाणी दिल्यानंतरचं घासकाम हातमोजे न घालता, कारण बोटाला चटका बसला की कळतं पातं तापलं, लगेच बादलीत. मास्क मात्र हवाच, ती धूळ बेकार असते. मूठ शिसवीची, पितळेच्या पिना बोहरी आळीतून.

सातवी सुरी आईने ठेवून घेतली. काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी कोथिंबीर त्याच सुरीने चिरलेली होती आणि कोथिंबीर काळी पडली नव्हती, मी डब्यात बघितलं. विळी अजून आहेच, नारळ आणि फणसाला तीच लागते, आणि माझं म्हणणं विचाराल तर विळीवर दोन्ही हात मोकळे असतात ही सोय कुठल्याच सुरीत नाही.

खंडेनवमीला तिने विळी, अडकित्ता आणि माझी सुरी एका पाटावर मांडून पूजा केली. हळदकुंकू ओलं, रात्रभर तसंच. सकाळी पात्यावर दोन बोटांएवढा गंजाचा डाग. मी तिला समजावलं की हे कार्बनचं पोलाद आहे, वापरलं की पुसून कोरडं करायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, कैरी-चिंचेला लावलं की काळं पडणारच. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग स्टीलची का नाही केलीस?"