सूर सुटला ती जागा

रात्रीचे सव्वाअकरा. शेजारचे माग अजून खडखडतायत, म्हणजे ट्रंपेट काढला तरी कुणाची झोप मोडायची नाही. पण काढावासा वाटत नाही.

कारण तसं फुटकळच. बेथोव्हनची 'एरोइका' सिंफनी, पहिल्या भागाचा शेवट. ट्रंपेट मुख्य धून उचलतो ती जागा. आबांच्या कॅसेटवर तो थेट वर चढत जातो. तेवढ्यासाठी किती वेळा रिवाइंड केलं असेल! आज छापील पार्ट, म्हणजे ट्रंपेटच्या वाट्याचे सूर लिहिलेला कागद, समोर घेतला, तर धून अर्ध्यातच सुटलेली. वर जायचं सोडून ट्रंपेट खाली साथीला बसलेला.

आधी वाटलं, माझंच चुकतंय. पार्ट ई फ्लॅट पट्टीच्या ट्रंपेटचा, माझ्या हातात बी फ्लॅट पट्टीचा. लिहिलेला 'सी' मला 'एफ' वाजवावा लागतो. तीनदा मोजलं. बरोबर होतं.

मग शोधत बसलो. हे लिहिलं १८०३-०४ मध्ये. व्हॉल्व्हचं, म्हणजे बोटांनी दाबून सूर बदलायच्या कळांचं, पेटंट १८१८ चं. बेथोव्हनचा ट्रंपेट म्हणजे नुसती नळी, ओठांवर सूर काढायचे. म्हणून बहुधा त्यानं पुढची धून लाकडी वाद्यांवर सोपवली. नंतर व्हॉल्व्ह आले, आणि वाइनगार्टनरसारख्या ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांनी ती धून ट्रंपेटकडूनच पुरी करून घेतली. कॅसेटवर तेच. म्हणजे ज्या सुरासाठी मी ओठ सुजवले, तो बेथोव्हननं लिहिलाच नव्हता. इतकी वर्षं. आणि आबांनी एका शब्दानं...

जाऊ दे.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "वाजव की बे, कागद कोण बघतंय?" त्याचं बरंय. त्यानं डीजे घेतला.

पण इतकी वर्षं! घासून घासून पाठ केलं ते दुसऱ्याच कुणाचं.

जेवताना मात्र हसू आलं. नवी पेठेतल्या वराती आठवल्या. अंतऱ्यात वरचा सूर जवळ आला की आबा ट्रंपेट खाली घेऊन रुमालानं ओठ पुसायचे, आणि क्लॅरोनेटवाला तिथून पुढं उचलायचा. आम्हाला वाटायचं, दमले.

शेवटी काढलाच. छापल्याप्रमाणे एकदा वाजवला. धून सुटली त्या जागी पुढं उचलायला कोणी नव्हतं, नुसते माग. आबांना त्या जागी निदान नवरदेवाचा मामा नोट ओवाळायला तरी असायचा.