फडकं पोचेल असं घर: जर्मनीतून मुंबईच्या फ्लॅटसाठी

जर्मनीत घरात राहणारा आणि घर पुसणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. किमान वेतनच २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, त्यामुळे रोजचं केर-लादी दुसऱ्याकडून करून घेणं साध्या कुटुंबाला परवडत नाही. स्टुटगार्टच्या बाजूला तर कित्येक इमारतींचा जिनासुद्धा तिथले रहिवासीच आठवड्याच्या पाळीनं झाडतात-पुसतात. साहजिकच कपाट घेताना, बाथरूम बांधताना 'हे पुसायचं कसं' हा प्रश्न सुरुवातीलाच येतो. मुंबईत इंटीरियर ठरतं तेव्हा हा प्रश्न सहसा निघत नाही, कारण लादी पुसणाऱ्या मावशी त्या बैठकीला नसतात. नंतर पंचवीस वर्षं सोफ्याखाली वाकायचं ते त्यांनाच, किंवा घरातल्या आईला.

ज्यांना नव्या फ्लॅटचा ताबा मिळतोय किंवा जे जुनं घर दुरुस्तीला काढताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इथलं, म्हणजे जर्मनीतलं, सगळं तिकडे मुंबईत नेण्यासारखं नाही, कारण मुंबईचा पाऊस, खारे वारे, फोडणी आणि कबुतरं जर्मनीत हिशेबात धरलेलीच नसतात. पण काही गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली गोष्ट फर्निचरच्या पायांची. जमिनीपासून निदान १५ सेंटीमीटर, म्हणजे सहा इंच वर, नाहीतर थेट जमिनीला टेकलेलं आणि कडेनं बंद. मधलं काही नको. तीन-चार इंचाची फट सर्वांत वाईट: धूळ आत जाते, पण झाडू किंवा पोछ्याची काठी आडवी होऊन आत शिरत नाही. सफाईचा रोबो घ्यायचा विचार असेल तरी हाच नियम धरा. बहुतेक रोबो आठ ते दहा सेंटीमीटर उंच असतात आणि वर थोडी मोकळी जागा मागतात. स्टोरेजचा बेड हवाच असेल तर त्याची पेटी जमिनीपर्यंत उतरवा आणि कड सिलिकॉननं बंद करून घ्या.

सुतार काम सुरू करण्याआधी एक तास राखून ठेवा. रिकाम्या खोलीत प्रत्येक वस्तूची जागा खडूनं आखा, बेड आणि सोफ्याच्या खालच्या कडेच्या उंचीवर दोरी ताणा आणि रोज लादी पुसणाऱ्या बाईंना ओला पोछा घेऊन खोलीभर फिरायला सांगा. कुठे हात अडतो, बादली कुठे ठेवावी लागते, दार उघडलं की कोणता कोपरा झाकला जातो, हे ड्रॉइंगवर कधीच दिसत नाही. त्या तासाचे पैसे त्यांना वेगळे द्यावेत.

कपाटं छतापर्यंत न्या. सहा-सात फुटांवर थांबलेल्या कपाटाच्या डोक्यावर धूळ बसते आणि ती काढायला स्टूल लागतं. म्हातारी माणसं स्टुलावरून पडतात ती अशाच कामांत. लपवलेल्या दिव्यांच्या पट्टीसाठी फॉल्स सिलिंगमध्ये जी खोबण करतात, तिचंही तेच: वरून उघडी, आत धूळ, मेलेले किडे आणि पाली. ती टाळा. मात्र बाहेरच्या भिंतीला कपाट लावायचं तर इथले घरमालक भाडेकरूला मागे निदान पाच सेंटीमीटर हवा खेळायला जागा सोडायला सांगतात, कारण थंड भिंतीवर ओल धरून बुरशी येते. मुंबईत कारण वेगळं, पावसाळ्यात भिंत बाहेरून भिजते, पण परिणाम तोच. आता ही मागची फट साफ कशी करणार? म्हणून मोठं कपाट आतल्या भिंतीला लावणं हाच उत्तम उपाय. बाहेरच्या भिंतीला टेबल, पलंग अशा हलवता येणाऱ्या वस्तू ठेवा.

लादी आणि तिचे सांधे

मिस्त्री लोकांना बिनसांध्याची लादी आवडते. टाइलला टाइल चिकटवली की दिसायला छान दिसते. पण त्या केसाएवढ्या फटीत ग्राउट (सांधे भरायचा मसाला) नीट उतरतच नाही, मळकं पाणी उतरतं आणि वर्षभरात काळी रेघ दिसू लागते. शिवाय उन्हानं टाइल प्रसरण पावली की तिला सरकायला जागा नसते, मग मधल्या टाइल्स तंबूसारख्या उचलल्या जातात. दोन टाइलमध्ये समान फट ठेवणारा दोन मिलीमीटरचा स्पेसर लावूनच काम करून घ्या, आणि बाथरूम व स्वयंपाकघरात तरी इपॉक्सी ग्राउट भरा. सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं, ते हळद, तेल आणि साबण पिऊन घेतं. इपॉक्सी पित नाही.

पण इपॉक्सीचं काम घाईत केलं तर पैसे पाण्यात. त्यात रेझिन, हार्डनर आणि रंगीत भुकटी असे तीन भाग येतात. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, कारण पांढऱ्या सिमेंटात पॉलिमर कालवून तेच 'इपॉक्सी' म्हणून भरलं जातं. भाग पाकिटावरच्या प्रमाणातच मिसळायचे. हार्डनर अंदाजानं टाकला तर ग्राउट चिकट राहतं, सुकतच नाही. मुंबईच्या उन्हाळ्यात ते लवकर घट्ट होतं, म्हणून अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवायला सांगा. सांधे आधी पूर्ण खोलीपर्यंत खरवडून कोरडे हवेत. भरल्याबरोबर टाइलवरचा थर ओलसर स्क्रबरनं आणि मग स्पंजनं काढायचा, पाणी वरचेवर बदलत. हा पातळ थर राहून गेला तर दुसऱ्या दिवशी निघत नाही, आणि पुढे प्रत्येक पाऊल त्यावर उमटतं. भरल्यावर २४ तास त्यावर पाणी नको.

टाइलचा पृष्ठभाग निवडताना नमुना दुकानातच ओला करून, हातानं चोळून बघा. आरशासारख्या चकचकीत टाइलवर पाण्याचा प्रत्येक थेंब दिसतो, अगदी खरबरीत मॅटमध्ये मळ अडकतो. साटिन फिनिश दोन्हींच्या मधलं. ओल्या जागेसाठी जर्मन मोजमापात 'आर १०' दर्जाची घसरणरोधक टाइल पुरेशी धरतात. भारतातल्या काही कंपन्यांच्या माहितीपत्रकातही हा आकडा असतो, विचारून घ्या. पांढरीशुभ्र आणि काळी कुळकुळीत लादी, दोन्हींवर केस आणि धूळ सारखीच उठून दिसते. मध्यम रंगाची, बारीक ठिपक्यांची लादी सर्वांत क्षमाशील.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लादीलगत लावलेली पट्टी, भिंतीच्या पुढे बोटभर आलेली असते आणि तिच्या माथ्यावर रोज धूळ बसते. गिलावा करतानाच तेवढी खाच सोडून स्कर्टिंग भिंतीच्या सपाटीला बसवता येते. रंगकामानंतर सांगून उपयोग नाही.

बाथरूम

जर्मन बाथरूममध्ये शॉवरबाहेर जमिनीला बहुधा जाळीच नसते. जमीन कोरडीच राहणार, असं गृहीत असतं. आपल्याकडे बादली, मग, कपडे भिजवणं, सगळं तिथेच. ते बदलायची गरज नाही, फक्त पाण्याला वाट नीट हवी. ढाळ मीटरला १० ते १५ मिलीमीटर ठेवा. त्याहून कमी असेल तर डबकी साचतात, तिथे साबणाचा थर आणि शेवाळ धरतं. फार जास्त असेल तर ओल्या पायाला घसरण.

इथेच मोठ्या टाइलची गडबड होते. दोन फूट बाय चार फुटाची टाइल मधल्या जाळीकडे चारही बाजूंनी वाकवता येत नाही. मग मिस्त्री ती तिरकी कापतो, सांधे वाढतात, नाहीतर तो ढाळच कमी करतो. मोठी टाइल हवी असेल तर जाळी मधे न ठेवता एका भिंतीलगत लांब पट्टीची घ्या, म्हणजे एकाच दिशेनं उतार पुरतो. मधली जाळी ठेवायची असेल तर एक फूट बाय एक फुटाची टाइल बरी. टाइल बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी भरून खालच्या मजल्यावरचं छत तपासा. टाइल बसल्यावर, मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्याआधी, एक बादली पाणी ओतून पंधरा मिनिटांनी कुठे डबकं उरतंय ते बघा. जाळी हातानं उचलता येणारी हवी. स्क्रूनं आवळलेली जाळी कुणी उघडत नाही, आणि केस खाली साठत जातात.

भिंतीवर टांगलेला कमोड ही इथून घेण्यासारखी सर्वांत चांगली गोष्ट. खाली एकदा फडकं फिरवलं की झालं. मागचं वळण नाही, तळाची पिवळी पडणारी पांढऱ्या सिमेंटची कड नाही. 'हा तुटून पडेल' ही भीती नको. युरोपीय मानकानुसार तो ४०० किलोच्या भाराला तपासलेला असतो. मात्र तो भार लोखंडी फ्रेम पेलते. फ्रेम स्लॅबमध्ये पक्की बोल्ट करावी लागते, चार इंची विटेच्या भिंतीच्या भरवशावर टांगायचं नाही. फ्रेम आणि टाकीसाठी सहा ते आठ इंच खोली जाते, हे छोट्या बाथरूममध्ये आधी मोजा. जुन्या इमारतींत मैल्याचा पाइप स्लॅबमधून खाली उतरतो. तिथे भिंतीतून जाणारी जोडणी करायची तर सोसायटीची परवानगी आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही नव्यानं. ते जमत नसेल तर भिंतीला पूर्ण टेकणारा, सपाट बाजूंचा जमिनीवरचा कमोड घ्या. टांगलेला असो वा जमिनीवरचा, भांडं आतून बिनकाठाचं हवं. काठाखालच्या पोकळीत ब्रश पोचत नाही.

काचेचं पार्टिशन घ्यायच्या आधी पाणी कुठलं ते बघा. महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ आहे. टँकर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या संकुलांत पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असतं आणि काचेवर पांढरे डाग धरतात. जर्मनीतही बऱ्याच भागांत पाणी जड आहे, म्हणून आंघोळीनंतर रबरी पट्टीनं काच ओढून घेणं ही घराघरांतली शिस्त. ती पाळली जाणार नसेल तर काच नको. डागांसाठी व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड चालतं, पण संगमरवरावर आणि कोट्यावर ते कधीही नको, दगडच खाल्ला जातो.

स्वयंपाकघर

फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी कामगारवस्त्यांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण साडेसहा चौरस मीटर, म्हणजे सत्तर चौरस फूट. मुंबईच्या वन बीएचकेला अगदी ओळखीचं माप! अशी सुमारे दहा हजार बसवली गेली. त्यात कामाच्या फळीतच कचऱ्याचा काढता येणारा कप्पा होता: चिरता चिरता सालं ढकलायची, की झालं. आपल्याकडे ओला आणि सुका कचरा वेगळा करायचाच असतो. त्यामुळे सिंकखाली एकच डबा कोंबण्याऐवजी शेजारी चाकांच्या ट्रॉलीवर दोन डबे आखा. ओला कचरा वाकून, दार उघडून टाकावा लागला की वाटेत ठिपकतोच.

ओट्यासाठी ग्रॅनाइट घ्या. कडप्पा स्वस्त आणि देखणा, पण तो चुनखडीचाच दगड, लिंबू-चिंच सांडली की पांढुरका डाग पडतो. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घ्या. ती नसली तर सांडलेलं पाणी दगडाच्या पोटाखालून ओघळत शटरपर्यंत जातं आणि प्लाय फुगतं. सिंक दगडाच्या खालून बसवलं तर ओट्यावरचं सगळं सरळ आत लोटता येतं. पण त्याचा सांधा बुरशीरोधक, न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉननं भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन दगडावर डाग पाडू शकतं.

खालच्या कपाटांसाठी चार इंचाचा कोबा करून त्यावर टाइल लावलेली मला सर्वांत पटते. खाली पोकळीच नाही, तर झुरळं राहणार कुठे? कपाटं पायांवर उभी करायची असतील तर पुढची पट्टी क्लिपची हवी, महिन्यातून एकदा काढून आत पुसता यावी. खिळे मारलेली पट्टी म्हणजे बंद खोली. कोबा असो वा पट्टी, शटरपासून दोन-तीन इंच आत घ्या, म्हणजे ओट्याशी उभं राहताना पाय आत जातात आणि लाथा लागून शटर मळत नाहीत.

जर्मनीतल्या बऱ्याच चिमण्या कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून परत खोलीतच सोडतात. आपल्या फोडणीपुढे त्या टिकत नाहीत, नळी बाहेर काढणारीच घ्या. नळी जितकी आखूड आणि वळणं जितकी कमी, तितकी ओढ चांगली. गॅसपासून ६५ ते ७५ सेंटीमीटर वर बसवा. आतला फिल्टर स्टीलचा, तिरक्या पट्ट्यांचा हवा. तो गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवला की तेल सुटतं. अ‍ॅल्युमिनियमची जाळी असेल तर सोडा नको, ती काळी पडते. ओट्यामागची टाइल थेट वरच्या कपाटापर्यंत न्या, गॅसमागे तर चिमणीपर्यंत.

खिडक्या

जर्मन खिडकी आत उघडते, त्यामुळे काचेची बाहेरची बाजू खोलीत उभं राहून पुसता येते. मुंबईत पंधराव्या मजल्यावर स्लायडिंगची बाहेरची काच पुसायला हात बाहेर काढावा लागतो. त्यात जीव जातात. आत उघडणाऱ्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या भारतातही मिळतात. घ्यायच्या तर खिडकीपुढे झडपेच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी, पडदे भिंतीपासून दूर हवेत आणि मच्छरजाळी बाहेरच्या बाजूला.

ग्रिल भिंतीच्या सपाटीला ठेवा. बाहेर काढलेल्या पिंजऱ्याच्या तळाशी कुंड्यांची माती आणि कबुतरांची विष्ठा साठते, आणि ती श्वासाला घातक. समुद्राजवळ साधं लोखंड गंजतं, ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस डाग येतात. वर्सोवा-वांद्र्यासारख्या ठिकाणी ३१६ दर्जाचं स्टील परवडत असेल तर तेच घ्या.

स्लायडिंगच ठेवणार असाल तर ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती शोधून ठेवा. धूळ आणि केसांनी ती बुजली की जोराच्या पावसात ट्रॅक भरतो आणि पाणी आत गादीवर येतं. मे महिन्याच्या शेवटी जुन्या टूथब्रशनं ट्रॅक घासा, भोकांत तार फिरवा आणि मगभर पाणी ओतून बघा. मिनिटाभरात ट्रॅक रिकामा व्हायला हवा.