कॅसेट कुणी पाठवली?

गेल्या गुरुवारी रात्री एक गळपट्टेवाले गृहस्थ माइक हातात धरून सलग अकरा मिनिटं बोलले. मी घड्याळ लावून बसले होते, त्यामुळे आकडा छातीठोकपणे सांगते. विषय एकच: पहिला शॉट हलत का नाही.

ठिकाण पॅरिसमध्ये सोर्बोन विद्यापीठाजवळच्या रू शांपोलियों नावाच्या बोळातलं एक छोटं थिएटर. सिनेमा ऑस्ट्रियन दिग्दर्शक मिशाएल हानेकेचा 'काशे', २००५ चा. काशे म्हणजे लपवलेलं. या बोळात थिएटरं एकाला एक चिकटून आहेत, तिथे जुनेपाने सिनेमे लागतात आणि लोक भर पावसात रांग लावून तिकीट काढतात. कॉलेजची तीन वर्षं पुण्याच्या फिल्म अर्काइव्हच्या पायऱ्यांवर काढल्यामुळे मला या बोळात शिरलं की माहेरी आल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, की तिथे सिनेमा संपला की आम्ही तडक वैशालीत जाऊन भांडायचो. इथे भांडणालाही सूत्रसंचालक असतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. (रहस्य फुटेल म्हणून घाबरू नका, हानेकेने फुटण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.) सुरुवातीला पॅरिसमधलं एक घर दिसतं. बराच वेळ नुसतं घरच. मग कुठूनसा पुरुषाचा आवाज येतो, "मग?" आणि एक बाई म्हणते, "काही नाही." चित्रावर रेघा उमटतात, टेप पळायला लागते आणि लक्षात येतं की हे त्या घरातलं जोडपंच बघतंय. कुणीतरी त्यांच्या दारात टाकून गेलेली कॅसेट. नवरा जॉर्ज टीव्हीवर पुस्तकांचा कार्यक्रम करतो, ते काम दानिएल ओतयचं. बायको आन प्रकाशनात आहे, ती ज्युलिएत बिनोश. कॅसेटी येत राहतात, सोबत तोंडातून रक्त येणाऱ्या मुलाची चित्रं. मग जॉर्जला आठवायला लागतं. त्याच्या आईवडिलांच्या शेतावर एक अल्जेरियन जोडपं कामाला होतं. १९६१ च्या ऑक्टोबरात ते दोघं पॅरिसला मोर्चाला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचा मुलगा माजिद मागे राहिला. जॉर्जचे आईवडील त्याला दत्तक घेणार होते. सहा वर्षांच्या जॉर्जने खोटंनाटं सांगून त्याची अनाथालयात रवानगी करवली.

कॅसेट कुणी पाठवली ते सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही.

झालं. दिवे लागले आणि हॉलमध्ये दोन तट पडले. मागच्या रांगेतला एक तरुण तावातावाने उठला आणि म्हणाला, दोन तास मला कोडं घातलंत आणि उत्तर न देता घरी पाठवताय, ही फसवणूक आहे. त्याला टाळ्याही पडल्या. त्यावर दुसऱ्या बाजूने असा काही तुच्छ सुस्कारा निघाला, की बिचाऱ्याने जणू पंगतीत पानावर पाय दिला. "उत्तर शोधणं हाच मुळी चुकीचा प्रश्न आहे," अशी सुरुवात चार वेगवेगळ्या लोकांनी केली. चार! मग शेवटच्या शॉटवरून जुंपली. शाळेच्या पायऱ्या, सुटलेली मुलं, आणि त्या गर्दीत डाव्या कोपऱ्यात जॉर्जचा मुलगा आणि माजिदचा मुलगा बोलताना दिसतात. आवाज येत नाही. अर्ध्या हॉलला ते दिसलंच नव्हतं. मला दिसलं होतं. माझ्यासोबत आलेल्या निखिलला नव्हतं, कारण तो अंधारात मोबाइल चाचपत होता, आणि हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

तिसरा एक गट होता, जो काही न बोलता निघून गेला. माजिद जॉर्जच्या समोर स्वतःचा गळा चिरतो, तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी कोट उचलला. मला त्यांचं अगदी पटलं. मीही उठले असते, पण रांगेच्या मधोमध बसले होते आणि या लोकांच्या गुडघ्यांवरून अंधारात जायचं म्हणजे सात वेळा 'पार्दों' म्हणावं लागतं.

आता गळपट्टेवाल्यांकडे येते. कौतुक करायचं तर त्या माणसाला सिनेमा अक्षरशः तोंडपाठ होता. हानेकेने सगळा सिनेमा डिजिटल व्हिडिओवर घेतला, त्यामुळे कॅसेटमधलं चित्र आणि सिनेमातलं चित्र डोळ्यांना सारखंच दिसतं. पार्श्वसंगीताचा एक सूर नाही. आपण नेमकं कुणाच्या नजरेने बघतोय हे कधीच कळत नाही. सगळं खरं आणि सगळं मुद्देसूद. आपल्याकडे माइक हातात आला की माणूस आधी 'मान्यवर' म्हणतो, मग स्वतःबद्दल बोलतो. हे स्वतःबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. अकरा मिनिटं कॅमेरा, कॅमेरा, कॅमेरा.

ते बसल्यावर तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. सत्तरीच्या असतील, शेजारी चाकांची बाजाराची पिशवी, त्यातून लीकची हिरवी पात डोकावत होती. त्यांनी माइक घेतला नाही. म्हणाल्या, "माझे वडील तेव्हा, एकसष्ट साली, पॅरिसबाहेर नाँतेरच्या झोपडपट्टीत राहायचे. त्या रात्री तेही मोर्चाला गेले होते. घरी आले. पण त्याबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत." एवढं बोलून खाली बसल्या.

सूत्रसंचालक म्हणाला, "मेर्सी, मादाम. फार हृद्य." आणि मग, "फ्रेमच्या कडेबद्दल कुणाला काही विचारायचं आहे का?"

विचारायचं होतं. हात वर झाले.

मला इतका संताप आला! सिनेमात त्या रात्रीला, म्हणजे १७ ऑक्टोबर १९६१ ला, किती वाक्यं मिळतात? जॉर्ज बायकोला घाईघाईने दोन-चार वाक्यांत सांगून मोकळा होतो: पापाँ, पोलीस, सीन नदीत बुडवलेले सुमारे दोनशे अरब. बस. तेवढंच हॉलमध्येही झालं. अल्जेरिया तेव्हा फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढत होता. पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने, म्हणजे मोरिस पापाँने, अल्जेरियनांवर रात्रीची संचारबंदी घातली. तिच्याविरुद्ध हजारो माणसं बायकामुलांसह, हातात काही न घेता बाहेर पडली. पोलिसांनी त्यांना झोडपलं, गोळ्या घातल्या, नदीत फेकलं. अकरा हजारांवर माणसं पकडली. सरकारने तेव्हा मृतांचा आकडा तीन सांगितला. बरेच इतिहासकार शंभराच्या वर सांगतात, काही दोनशेपर्यंत जातात. आणि पापाँ? तो १९६७ पर्यंत त्याच खुर्चीत. १९९८ मध्ये त्याला शिक्षा झाली ती महायुद्धात बोर्दोहून ज्यूंना छावण्यांत धाडल्याबद्दल. या रात्रीबद्दल कधीच नाही. सिनेमा इथे लागला २००५ च्या ऑक्टोबरात. त्याच महिन्याच्या शेवटी पोलिसांपासून पळताना क्लिशी-सू-ब्वा या पॅरिसच्या उपनगरात विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन पोरं मेली, उपनगरं पेटली, आणि सरकारने जी आणीबाणी लावली ती अल्जेरियाच्या युद्धात, १९५५ मध्ये केलेल्या कायद्याखाली. यावर अकरा नको, दोन मिनिटं तरी?

हे सगळं मी निखिलला बुलव्हार सँ-मिशेलवरून चालता चालता ऐकवत होते. पूल ओलांडला की पोलीस मुख्यालयाच्या जवळ कठड्यावर एक फलक आहे, २००१ साली बसवलेला, त्या रात्री मारल्या गेलेल्या 'अनेक अल्जेरियनांच्या' स्मरणार्थ. अनेक. आकडा नाही. सहा वर्षं मी या पुलावरून जातेय. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नोत्र-दामसमोर उभं करून इथेच फोटो काढलेत. फलक मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

निखिल म्हणाला, "मग तू का नाही उठून बोललीस?"

अहो, माझं फ्रेंच! ऑफिसात, भाजीवाल्याशी, नगरपालिकेत मी कुणाला ऐकत नाही. पण दीडशे माणसांसमोर, रागात, क्रियापदाची रूपं सांभाळत? एक चुकलं की सगळे मुद्दा सोडून प्रेमाने माझी चूक सुधारणार. शिवाय मी बाहेरची. भाड्याने राहणाऱ्याने घरमालकाच्या माळ्यावर काय ठेवलंय ते कशाला विचारावं? निखिलला हे पटलं नाही. पण तो तर कॅसेट शेजाऱ्यानेच पाठवली म्हणणारा माणूस.

घरी येऊन वरणभात खाताना त्याने सहज विचारलं, "ती मंदा कोण होती गं, तुझ्या आजीकडची?" सिनेमा चालू असताना मी म्हणे नाव पुटपुटले होते.

मंदा साताऱ्याला आजीकडे असायची. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. वरकाम करायची, त्या बदल्यात आजी तिला शाळेत घालणार होती. मे महिन्याच्या सुट्टीत आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटली, सबंध वर्षाचं लोणचं गेलं. कुणी फोडली असं विचारल्यावर मी मंदाकडे बोट दाखवलं. पुढच्या सुट्टीत ती तिथे नव्हती. आता यात ओढूनताणून साम्य शोधण्यात अर्थ नाही. एका बरणीसाठी कुणी कुणाला काढत नाही, तिचे वडील तिला न्यायला येणारच होते असं आई नेहमी म्हणते. आणि मी सात वर्षांची होते.

निखिल म्हणाला, "जॉर्ज सहा वर्षांचा होता." मी ताटं उचलली.

रविवारी पाव आणायला बाहेर पडलो. आम्ही तेराव्या विभागात राहतो, आणि सिनेमातलं ते घर पायी पंधरा मिनिटांवर, सिते फ्लोरालच्या कडेला आहे. फुलांच्या नावांचे चिमुकले रस्ते, १९२८ सालची बैठी घरं. खाली जुन्या बिएव्र नदीची भुसभुशीत जमीन, म्हणून उंच इमारती बांधल्याच नाहीत. भिंतींवर विस्टेरियाच्या वेली. बाहेर कुठेतरी एक तरी तुळस दिसावी असं वाटायला लावणारी वस्ती. रू दे झिरीसच्या टोकाला, जिथे कॅमेरा असणार तिथे, मी जाऊन उभी राहिले. निखिल कोपऱ्यावर थांबला. पावाचं दुकान एकला बंद होतं.

समोर घर. दार बंद, खिडक्या बंद. मी तीनेक मिनिटं तशीच उभी. कुत्रा घेऊन चाललेले एक गृहस्थ थांबले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि फार सभ्यपणे म्हणाले, "काही शोधताय का, मादाम?"

"नाही," मी म्हटलं. ते हलले नाहीत. कुत्रा बसला. शेवटी मीच निघाले.

"मग?" निखिलने विचारलं.

"काही नाही."