व्हॅन की रेल्वे? स्वित्झर्लंडपुरता निकाल

स्वित्झर्लंड ठरल्यापासून नवरा कॅम्परव्हॅनचे, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचे, व्हिडिओ बघत बसला होता. त्यातला एक सासूबाईंनी शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, “अरे, ती संडासाची पेटी रोज ओतणार कोण?”

मी पहिल्यापासून रेल्वेच्या बाजूची, पण पेटीमुळे नव्हे. आम्हाला बघायची होती त्या गावांत बाहेरची गाडी जातच नाही. झरमॅटला जायचं तर टॅशला गाडी ठेवून पुढची बारा मिनिटं रेल्वेनेच. वेंगेन, म्युरेनचंही तेच, गाडी खाली खोऱ्यात. म्हणजे रोजचं भाडं भरून घेतलेली व्हॅन पार्किंगचे पैसे खात उभी राहणार! रात्री वाटेल तिथे लावून झोपावं म्हटलं तर नियम कँटनागणिक (म्हणजे तिथल्या राज्यागणिक), गावागणिक वेगळे. शिवाय आमची सुट्टी मे महिन्यातली. फुर्का, ग्रिमसेलसारखे घाट तेव्हा बहुधा बर्फामुळे बंदच असतात.

व्हॅनचा खरा मोह स्वयंपाकघराचा. तो आम्ही इंटरलाकेनला ओटा-शेगडीची खोली घेऊन भागवला. सकाळी पोळीभाजीचा डबा भरायचा आणि निघायचं. सामान खोलीवरच, त्यामुळे झरमॅटला जाताना श्पीट्सला आणि फिस्पला रेल्वे बदलताना सासूबाईंच्या हातात फक्त पर्स. वेळापत्रक असं विणलेलं, की एक गाडी पोचते तोवर पुढची समोर तयार. आम्ही स्विस ट्रॅव्हल पास घेतला होता, ठरावीक दिवस रेल्वेने हवं तेवढं फिरायचा. सोळा वर्षांखालच्या मुलांना पासधारक आईवडिलांबरोबर प्रवास फुकट, म्हणून लेकीचाही खर्च वाचला.

शेवटी सेंट मोरित्झहून तिरानोला गेलो. गाडी 2253 मीटरवरच्या ओस्पित्सिओ बेर्निनाला चढते, मग चढ-उतारावर चाक अडकवायच्या दातेरी रुळांशिवाय वळणं घेत इटलीतल्या तिरानोपर्यंत उतरते, 429 मीटरवर. वर बर्फ, खाली ताडाची झाडं. मोठाल्या काचांच्या प्रसिद्ध पॅनोरमा गाडीला वेगळं आरक्षण लागतं. आम्ही त्याच रुळांवरची साधी लोकल घेतली, पासवर. नवरा पूर्ण वेळ खिडकीला चिकटून होता. व्हॅन असती तर त्याच्या वाट्याला फक्त रस्ता आला असता, तोही उजव्या बाजूने चालवायचा.

न्यूझीलंडचं दक्षिण बेट असतं तर मीच व्हॅन म्हटलं असतं. वनाका, टेकापो या तिथल्या गावांना प्रवासी रेल्वे नाही आणि गाडी आपल्यासारखी डावीकडून.

पास घेण्याआधी मात्र हिशोब करा. रोज लांब फिरणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास. एकाच गावी राहून मोजकेच प्रवास करणार असाल तर अर्ध्या तिकिटाचं हाफ फेअर कार्ड बरं पडू शकतं. युंगफ्राउयोख, म्हणजे बर्फातलं ते उंचावरचं रेल्वे स्टेशन, पासात पूर्ण धरलेलं नाही. वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंत पास चालतो, पुढे नुसती सवलत. तिथलं तिकीट सकाळी वेबकॅम बघूनच काढा. 3454 मीटरवर ढग असले तर एवढे फ्रँक मोजून पांढरी भिंत बघायची.